मदत हवी आहे: चित्रं भारी, पण गोष्ट कुठंय?
मंडळी, आठ पानांचं सायफाय कॉमिक काढतोय, चित्रं बघून सगळे वा वा करतात आणि मग बहीण विचारते, दादा पण यात होतं काय? पान ४ वर नुसता चंद्रावर उभा गंजका पाण्याचा टँकर, त्याच्या एका चाकाच्या सावलीला दोन रात्री गेल्यात, आता कापवत नाही. फ्रेंच कॉमिक चित्रकार मोबियसचं १९७५चं 'अर्झाक' कॉमिक बिनशब्दांचंच, गोष्ट नावाला, तरी डोक्यातून जात नाही (मी मोबियस नाही, माहितीये). पण मोबियसनेच काढलेल्या 'द लाँग टुमॉरो'त लेखक डॅन ओबॅननने साधीशी डिटेक्टिव्हची गोष्ट दिली म्हणून ते मजल्याखाली मजले असलेलं शहर फिरता तरी येतं. तर संवाद न वाढवता गोष्ट घट्ट कशी करू? का टँकरचं पानच उडवू? कुणी केलंय का असं?