स्ट्रासबर्गला थांबवायचेच होते, तर ते कधी ठरवायला हवे होते?

फेअरफॅक्सकर

सर्वांना नमस्कार. १२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री मी वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्क या बेसबॉल मैदानात होतो. वॉशिंग्टन नॅशनल्सच्या प्लेऑफमधल्या (हंगामानंतरच्या बाद फेरीतल्या) मालिकेचा तो पाचवा आणि निर्णायक सामना होता. तिसऱ्या इनिंगअखेर (सामना नऊ इनिंगचा असतो) ६-० अशी आघाडी घेतलेल्या आपल्या संघाला नवव्या इनिंगमध्ये विजयासाठी केवळ एक आउट हवा होता आणि सगळे मैदान उभे होते. शेजारच्या अनोळखी आजोबांनी लाल टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. प्रतिस्पर्धी डेस्कॅल्सोचा फटका आपल्या डेस्मंडच्या ग्लोव्हला लागून पुढे निघून गेला, तसा तो टॉवेल हळूहळू खाली आला. सेंट लुइस कार्डिनल्सने ९-७ असा सामना जिंकला आणि आपला हंगाम संपला.

त्या वर्षी नॅशनल्सने ९८ सामने जिंकले होते, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. वॉशिंग्टनचा संघ १९३३ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचला होता. मात्र १५ विजय आणि १९७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) नावावर असलेला आपला मुख्य पिचर (चेंडू फेकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग त्या मालिकेत नव्हताच, कारण त्याने १५९⅓ इनिंग टाकल्यावर, ८ सप्टेंबरला, त्याचे कोपर जपण्यासाठी संघाने त्याचा हंगाम संपल्याचे जाहीर केले होते. माझा प्रश्न असा आहे की, जुलैमध्ये संघ गटात अव्वल असताना आणि मुख्य पिचरच्या इनिंगचा आकडा दर पाचव्या दिवशी चढत असताना, व्यवस्थापनाने नेमके काय करायला हवे होते?

डावखुरा

प्रथम दुखापतीविषयी. २०१० च्या सप्टेंबरमध्ये स्ट्रासबर्गच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध बसवायचा, असे तिचे स्वरूप असते. नव्या बंधाला फेकीचा ताण सोसण्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि २०१२ हा त्याचा परतल्यानंतरचा पहिला पूर्ण हंगाम होता. महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी ऐनवेळी घाबरून निर्णय घेतला, असे जे म्हटले जाते, ते मला अन्यायाचे वाटते, कारण याच शस्त्रक्रियेतून परतलेल्या जॉर्डन झिमरमनला त्यांनी २०११ मध्ये १६१⅓ इनिंगवर थांबवले होते. नियम जुनाच होता. फरक एवढाच की, त्या वर्षी संघ शर्यतीत नव्हता.

दुसरे असे की, स्ट्रासबर्ग असता तर चौथा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) रॉस डेटवायलर बहुधा स्टार्टरांच्या पाळीबाहेर गेला असता. त्याच डेटवायलरने चौथ्या सामन्यात सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि मालिका जिवंत ठेवली. पाचवा सामना नवव्या इनिंगमध्ये पिचर ड्रू स्टोरेनच्या हातून निसटला. हंगामाच्या सुरुवातीला कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो बाहेर होता, तेव्हा टायलर क्लिपर्डने क्लोजरची (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरची) जबाबदारी घेऊन ३२ सामने राखले होते. शेवटच्या इनिंगसाठी पुन्हा स्टोरेनकडे वळण्याच्या निर्णयाची चर्चा स्ट्रासबर्गच्या नावाखाली झाकली गेली, हे मला फार खटकते.

तिसरा_बेस

डावखुरा यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, पण मूळ प्रश्न 'कधी' असा आहे आणि तिथे मला संघाची चूक स्पष्ट दिसते.

फलंदाजीच्या क्रमात संघाचे मॅनेजर डेव्ही जॉन्सन यांनी त्या वर्षी किती लवचीकपणा दाखवला, ते पाहा. एप्रिलअखेर रायन झिमरमन जायबंदी झाला, तेव्हा १९ वर्षांच्या ब्राइस हार्परला मुख्य संघात आणले गेले. मे महिन्यात जेसन वर्थचे मनगट मोडले आणि त्याच महिन्यात कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) विल्सन रामोसचा गुडघाही गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला संघाने कर्ट सुझुकीला घेऊन कॅचरची जागा भरली. परतलेल्या वर्थकडे, त्याच्या मनगटात पूर्वीची ताकद नसताना पण चेंडू पारखण्याची नजर शाबूत असताना, पहिल्या क्रमांकाची फलंदाजी दिली. चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये याच वर्थने कार्डिनल्सचा पिचर लान्स लिनचे बारा चेंडू खेळून काढले आणि तेराव्यावर होम रन मारून सामना जिंकून दिला. ऑगस्टमधल्या त्या निर्णयाचे फळ ऑक्टोबरमध्ये मिळाले, असे मी मानतो.

पिचिंगमध्ये हा दूरचा विचार झाला नाही. स्ट्रासबर्गने २८ सामने सुरू केले, म्हणजे सामन्यागणिक सरासरी साडेपाचपेक्षा थोड्या अधिक इनिंग. एप्रिल ते ऑगस्टमध्ये सामने सुरू करण्याच्या त्याच्या पाच पाळ्या वगळल्या असत्या, तर सुमारे २८ इनिंग वाचल्या असत्या आणि एकूण मर्यादा न ओलांडता त्या ऑक्टोबरसाठी शिल्लक राहिल्या असत्या. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याच वर्षी क्रिस मेडलनच्या बाबतीत हेच केले. त्याचीही शस्त्रक्रिया २०१० मध्येच झाली होती. त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या पिचरांत) ठेवले आणि मग स्टार्टर केले. नियमित हंगामात त्याने सुरू केलेले बाराही सामने ब्रेव्ह्जने जिंकले आणि हंगामाअखेर त्याच्या १३८ इनिंग झाल्या होत्या.

डावखुरा

मेडलनचे उदाहरण मोलाचे आहे, पण त्याच मेडलनला २०१४ मध्ये दुसऱ्यांदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली, हेही नोंदवायला हवे. शिवाय एक पाळी वगळली की पिचरची लय बिघडते, ही पिचिंग प्रशिक्षकांची तक्रार निराधार नसते. उलट बाजूला स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये २०९ इनिंग टाकल्या, प्लेऑफमध्ये पाच विजय मिळवले आणि वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ च्या विश्रांतीमुळेच हे घडले, असे सिद्ध करता येणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही.

स्कोअरबुक

मी मोठ्या लीगचा अभ्यासक नाही. माझा मुलगा लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) पिचिंग करतो आणि त्याच्या संघाच्या फेकी मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ फेकींची मर्यादा असते आणि ६६ किंवा अधिक फेकी झाल्या, तर चार दिवसांची विश्रांती सक्तीची असते. माझ्या हातातल्या छोट्या यंत्राचे बटण मी प्रत्येक फेकीला दाबतो. गेल्या महिन्यात चुरशीच्या सामन्यात आकडा ६३ वर आला, तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी मुलाला बाहेर घेतले, कारण शनिवारच्या सामन्यासाठी त्यांना तो हवा होता. मुलगा रडला. मात्र हा हिशेब त्यांनी सामना सुरू होण्यापूर्वीच आम्हा पालकांना सांगून ठेवला होता, त्यामुळे कुणीही तक्रार केली नाही.

फेअरफॅक्सकर

तिघांचेही मनापासून आभार. स्ट्रासबर्गला थांबवणेच चूक होते, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आता मला वाटते की, मर्यादा योग्य होती, पण त्या २८ सामन्यांची वाटणी मार्चमध्येच कागदावर व्हायला हवी होती. तिसरा_बेस, वगळायच्या पाच पाळ्या तुम्ही कोणत्या महिन्यांत ठेवल्या असत्या? एप्रिलमध्ये त्याला उशिरा सुरुवात करून देणे तुम्हाला अधिक योग्य वाटते, की ऑल-स्टार विश्रांतीला (हंगामाच्या मध्यावरच्या सुट्टीला) जोडून जुलैमध्ये सलग दोन-तीन पाळ्या वगळणे?