व्हेरिफिकेशनमध्ये ‘रिमार्क’ आला की झालं का सगळं?

वेल्डिंगवाला, हिंगणा एमआयडीसी
माझ्या शेडमध्ये एक पोरगा आहे. आयटीआय झालेला, टिग वेल्डिंगचा जोड असा मारतो की बोट फिरवलं तरी लागत नाही. मोहल्ल्यातल्या मारामारीत 307 (खुनाचा प्रयत्न) लागला, चौदा महिने सेंट्रल जेलात कच्चा कैदी, मग निर्दोष सुटला. आत असताना इग्नूचं बीए सुरू केलं, तेव्हा कोणी अडवलं नाही. आता ज्या कंपनीचं काम घेतलंय तिथे गेटपासला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. फॉर्मात रकाना एकच: ‘कधी अटक झाली होती का?’ होय लिहिलं तर पास नाही, नाही लिहिलं तर खोटारडा. सुटलो हे लिहायला जागाच नाही. पोरगा हेल्मेट घेऊन गेटबाहेर, मी आत अर्ध्या पाइपलाइनपाशी. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन जण कच्चेच कैदी आहेत, त्या सगळ्यांचं हेच करायचं का?

व्हॅनमालक, मानेवाडा
भाऊ, तुमच्याकडे लोखंड आहे, माझ्या व्हॅनमध्ये चौदा लेकरं. साक्षीदार फिरले की सुटतेच माणूस. मी काऊन ठेवू?

वेल्डिंगवाला
व्हॅनवर ठेवा असं कोण म्हणून राहिलं? पाइप जोडायचा आहे.

काळा कोट, सिव्हिल लाइन्स
अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खरं लिहिलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, पण गुन्ह्याचं स्वरूप आणि पद पाहून निर्णय घ्यायचा. लपवलं तर मात्र बहुतेक वेळा नोकरी जाते. म्हणून ‘होय’च लिहायचं आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडायची. अर्थात तो खटला सरकारी नोकरीचा. खासगी कंपनी आपल्या पॉलिसीकडेच बोट दाखवेल.

इतवारीकर
माझ्या भावाच्या हातावर असाच वार झाला. उजवी मूठ अजून वळत नाही. आरोपी पुराव्याअभावी सुटला. भावाची नोकरी गेली ती गेलीच, त्याच्यासाठी कोणी धागा काढला नाही.

वेल्डिंगवाला
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या निकालाची प्रत घेऊन एचआरकडे जातो. काम सोमवारी द्यायचं आहे.

व्हॅनमालक, मानेवाडा
प्रत मराठीत असंल तर इंग्रजी करून न्या. तिथल्या साहेबाले मराठी वाचता येत नाही, मी भोगलंय.