दोनच टायर बदलणार असाल तर

‘इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, म्हणून नवी जोडी पुढेच टाका’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. मलाही दुकानदाराने हेच सांगितलं आणि मी मुकाट्याने ऐकलं. जुलैत मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेच्या वळणावर पाणी साचलेलं. पुढचे टायर पकडून राहिले, मागचा भाग सरकला. वेग जेमतेम ६०, म्हणून निभावलं. पुढची चाकं घसरली तर वेग उतरला की गाडी पुन्हा स्टिअरिंगचं ऐकते. मागची घसरली की गर्रकन फिरते, तेव्हा आपल्यासारख्यांच्या हातात काही उरत नाही. नवी जोडी मागेच.

विंटर टायरचा विषय सोडा, ते ७ अंशांखालच्या थंडीसाठी असतात. आपल्याकडे मोसम एकच, पावसाळा. कायद्याने १.६ मिमी खोल नक्षी चालते, पण मी ३ मिमीला टायर काढतो, तेही मे महिन्यात. आणि घेताना टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. मला एकदा ‘ताजा माल’ म्हणून तीन वर्षं जुना टायर दाखवला होता, वर सवलतही देत होते!