कॅटफिशांच्या शास्त्रीय नावांचे अर्थ नेमके कसे ठरवावेत?

जलवाचक

नमस्कार. गेले काही महिने मी कॅटफिश गटातील, म्हणजे मांजरासारख्या मिशा असलेल्या माशांच्या शास्त्रीय नावांचे अर्थ एका वहीत उतरवून घेत आहे. याची सुरुवात 'सायनोडॉन्टिस नायग्रिव्हेन्ट्रिस' या नावापासून झाली. आफ्रिकेतील काँगो खोऱ्यातला हा बोटाएवढा मासा मी मत्स्यालयाच्या काचेतून बराच वेळ पाहत होतो. तो उताणा पोहत पानाच्या खालच्या बाजूला जात होता आणि तिथले शेवाळ टिपत होता. 'नायग्रिव्हेन्ट्रिस' म्हणजे काळ्या पोटाचा. बहुतेक मासे पाठीकडे गडद आणि पोटाकडे फिके असतात, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ते खोल पाण्यात मिसळून जातात आणि खालून पाहणाऱ्याला उजेडात. हा मासा उलटा पोहतो, त्यामुळे त्याचे पोटच वर येते आणि गडद रंगही तिथेच आहे. एका विशेषणात त्या माशाची सगळी राहणी सांगितलेली पाहून मी थक्क झालो.

पुढे मात्र अडचण येऊ लागली. ग्रीक आणि लॅटिन कोश उघडला की प्रत्येक नावाला काही ना काही अर्थ चिकटवता येतो, पण तो खरा आहे की नाही हे कळत नाही. 'अरियस' या नावाचा अर्थ एके ठिकाणी 'युद्धखोर' असा दिलेला आहे, कारण या माशांच्या परांना टणक काटे असतात आणि ग्रीकमध्ये तशा अर्थाचा 'अरेइओस' हा शब्द आहे. दुसरीकडे तोच शब्द बंगाली असल्याचे वाचले. 'रिटा रिटा' या नावाला तर कोशात काहीच सापडत नाही, आणि एकच शब्द दोनदा का येतो हेही समजत नाही. 'हेटरोन्यूस्टिस फॉसिलिस' या जिवंत माशाच्या नावात जीवाश्म कुठून आला? या शंकांची उत्तरे आणि अर्थ पडताळण्याची एखादी भरवशाची रीत जाणकारांनी सांगितल्यास मी ऋणी राहीन.

शब्दमूळ

आपण कोशापासून सुरुवात केली, तिथेच वाट चुकते असे मला वाटते. हे नाव पहिल्यांदा कोणी दिले, कोणत्या वर्षी दिले आणि तो मनुष्य नावे कुठून घेत असे, हे आधी पाहावे. कोश त्यानंतर उघडावा. शास्त्रीय नावाला लॅटिनचा पेहराव असतो, पण आतला शब्द कोणत्याही भाषेतला असू शकतो.

'अरियस'चेच पाहा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या जातींना नावे देताना त्यांनी वारंवार कोळ्यांच्या तोंडची स्थानिक नावे घेतली आणि त्यांना लॅटिन रूप दिले. 'रिटा', 'पंगासियस', 'बगारियस', 'मागूर', 'टेंगरा' ही सगळी त्यांच्याच ग्रंथातली जातिनामे, म्हणजे शास्त्रीय नावातले दुसरे शब्द आहेत. 'अरियस' हेही आधी त्यांचे जातिनाम होते आणि बंगालीत या माशांना 'आरी गागोरा' म्हणतात. पुढे व्हॅलेन्सिएन यांनी 1840 साली त्याच शब्दाचे वंशनाम, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द केला. ग्रीक 'युद्धखोर' हा अर्थ नंतर कोणीतरी कोश पाहून जोडलेला आहे. तो काट्यांना शोभतो म्हणूनच इतका टिकला. माझ्या मते आपल्या वहीतून तो खोडावा.

एकच शब्द दोनदा येण्याचे कारणही यातच आहे. हॅमिल्टन यांनी अशा बऱ्याच जाती 'पिमेलोडस' या एकाच वंशात ठेवल्या होत्या. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांतील काही वेगळ्या काढून नवे वंश केले आणि वंशाला जुन्या जातीचेच नाव दिले. म्हणून 'रिटा रिटा', 'पंगासियस पंगासियस', 'बगारियस बगारियस'. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत अशी द्विरुक्ती चालते, वनस्पतींच्या नियमांत चालत नाही.

काळ्या पोटाबद्दल एक जोड देतो, ती आपल्याला आवडेल. त्याच वंशात नाईल नदीतील 'सायनोडॉन्टिस बटेन्सोडा' नावाची जात आहे. हे नाव अरबी आहे: 'बत्न' म्हणजे पोट आणि 'सोदा' म्हणजे काळे. तोही उताणा पोहतो. एकच गोष्ट एका माशाच्या बाबतीत लॅटिनने सांगितली आणि दुसऱ्याच्या बाबतीत अरबीने, आणि लॅटिन कोश घेऊन बसलेल्या माणसाला यांतली एकच कळली असती.

पाणथळ

'फॉसिलिस'चे उत्तर मी देते. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'खणून काढलेला' एवढाच आहे. खाणीतून काढलेल्या कोणत्याही वस्तूला तो लागत असे आणि जीवाश्म हा नेमका अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. ब्लॉख यांनी 1794 साली हे जातिनाम दिले ते चिखलात राहणाऱ्या माशाला, त्यामुळे इथे दगड झालेल्या हाडांचा काही संबंध नाही. वंशनाम तर त्याहून सुंदर आहे: 'हेटरोस' म्हणजे वेगळा आणि पुढचा भाग श्वास घेणारा या अर्थाचा, म्हणजे वेगळ्या रीतीने श्वास घेणारा. या माशाच्या कल्ल्यांच्या पोकळीतून दोन लांब पिशव्या निघतात आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंमधून शेपटीच्या दिशेने जातात. पृष्ठभागावर येऊन घेतलेली हवा तो त्यांत भरून ठेवतो. याच वंशाला पूर्वी 'सॅकोब्रँकस' म्हणत, म्हणजे पिशवीच्या कल्ल्यांचा. दोन वेगवेगळ्या नावांनी त्याच अवयवाकडे बोट दाखवले आहे.

'क्लॅरियस' हे वंशनामही याच जातकुळीचे आहे. ते चैतन्यपूर्ण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असे मानतात, कारण हे मासे पाण्याबाहेर पुष्कळ वेळ तग धरतात. त्यातील 'बॅट्रॅकस' म्हणजे बेडूक. 'गॅरिपायनस' या जातिनामाला मात्र ग्रीक अर्थ शोधू नये. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीचे खोइखोइ लोकांच्या भाषेतले नाव 'गॅरीप' आहे आणि बर्चेल यांनी 1822 साली त्यावरूनच ते दिले.

इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. भारतातल्या मागूर माशाला कित्येक दशके 'क्लॅरियस बॅट्रॅकस' म्हटले जात होते. 2008 साली इंग आणि कॉटेलाट यांनी ते नाव जावातील जातीचे असल्याचे दाखवले आणि भारतातल्या माशाला हॅमिल्टन यांचे 'क्लॅरियस मागूर' हे नाव परत मिळाले. म्हणून वहीत नावाचा अर्थ लिहिताना, ते नाव आज कोणत्या माशाचे आहे हेही लिहावे.

जलवाचक

दोघांचेही मनापासून आभार. 'अरियस' आजच खोडतो. आणखी एक शंका आहे. 'सिल्युरस' आणि 'इक्टॅल्युरस' या दोन्ही नावांचा शेवट सारखा आहे. दोन्हींत मांजर आहे का?

शब्दमूळ

फक्त दुसऱ्यात आहे. राफिनेस्क यांनी 1820 साली 'इक्टॅल्युरस' हे नाव मासा आणि मांजर या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून बनवले. त्यातला 'आयलुरोस' म्हणजे मांजर; लाल पांडाच्या 'आयल्युरस' या वंशनामातही तोच शब्द आहे. 'सिल्युरस' मात्र कोणी घडवलेला नाही. प्राचीन ग्रीक लोक नदीतल्या एका मोठ्या माशाला 'सिलूरोस' म्हणत, तेच नाव जसेच्या तसे आले आहे. शेवटचा सारखेपणा केवळ कानाला फसवणारा आहे.

युरोपातील मोठ्या कॅटफिशाचे 'सिल्युरस ग्लॅनिस' हे नाव लिनिअस यांनी दिले आणि त्यात 'ग्लॅनिस' हाही प्राचीन ग्रीक शब्दच आहे. अंडी राखत बसणाऱ्या नराचे वर्णन ॲरिस्टॉटल यांनी 'ग्लॅनिस' याच नावाखाली केले होते. एकोणिसाव्या शतकात लुई अगासिझ यांना ग्रीसमधील अकेलूस नदीतला मासा युरोपात इतरत्र आढळणाऱ्या जातीहून वेगळा असल्याचे आढळले, आणि त्या जातीच्या नावात ॲरिस्टॉटल कायमचे आले: 'सिल्युरस ॲरिस्टोटेलिस'. 'ग्लॅनिस' हा शब्द पुढे नवी वंशनामे घडवण्यासाठी प्रत्ययासारखा वापरला जाऊ लागला. केरळमधील विहिरींच्या तळाखालच्या पाण्यात राहणारा, डोळे नसलेला, रक्तासारखा लाल दिसणारा 'होराग्लॅनिस' हा त्यातलाच. त्याच्या नावाचा पहिला भाग मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या सन्मानार्थ आहे. ब्राझीलमधील असाच विहिरीतला मासा 'फ्रिएटोबियस सिस्टर्नारम' आहे, म्हणजे विहिरीत जगणारा, टाक्यांमधला.

शिंगाळा

हा धागा वाचताना एक गोष्ट सतत मनात येत होती: या नावांत आपली मराठीही आहे, आणि कोशाची मुळीच गरज न पडता ती आपल्याला ऐकू येते. कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, त्यात एका जातीचे नाव 'सीनघाला' आहे. आज तो 'स्पेराटा सीनघाला' म्हणून ओळखला जातो. त्या काळच्या इंग्रजांनी कानावर पडेल तसे रोमन लिपीत लिहिलेले ते अक्षर सरळ मोठ्याने वाचले की 'शिंगाळा' उमटतो. त्यांच्या 'ताकरी' आणि 'गूंगवारी' या जातिनामांचेही तसेच आहे.

मला सर्वांत प्रिय असलेले नाव त्यानंतरचे आहे. 1952 साली कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतील एका लहान कॅटफिशाला 'खवलचोर' हे जातिनाम दिले. आज त्याला 'पॅकिप्टेरस खवलचोर' म्हणतात. कॅटफिशांच्या अंगावर खवले नसतात. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कोळ्यांनी ही सवय पाहून त्याला ते नाव दिले असणार, आणि शास्त्राने त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही. आपल्या वहीत या नावापुढे अर्थाचा रकाना असेल, तर तिथे तोच शब्द पुन्हा एकदा लिहावा लागेल.