देशाचं क्षेत्रफळ नेमकं कोणतं धरायचं? घनतेचा तक्ता जुळत नाही

सातरस्ता_अभ्यासिका
नमस्कार. मी सोलापुरात भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी १९५१ ते २०११ असा भारताच्या लोकसंख्येच्या घनतेचा तक्ता करतोय. पुस्तकात क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौ. किमी आहे, जागतिक बँकेच्या तक्त्यात २९,७३,१९०. फरक तीन लाखांच्या वर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र (३,०७,७१३) मावेल एवढा! बरं, पुस्तकातला आकडा धरून २०११ च्या लोकसंख्येला भाग लावला तर चौ. किमीला ३६८ माणसं येतात आणि जनगणनेत छापलेत ३८२. तीनदा करून बघितलं. मार्गदर्शक सर म्हणाले, कुठलाही एक आकडा घे आणि सगळीकडे तोच ठेव. पण १९६१ च्या जनगणनेवेळी गोवा नव्हता, १९७५ आधी सिक्कीम नव्हतं. मग तोच आकडा कसा चालेल?

भीमाकाठचा_शिक्षक
२९ लाखांचं कोडं सोपं आहे. त्यात फक्त कोरडी जमीन धरतात, नद्या-तलावांचं पाणी वजा. मी करमाळा तालुक्यातला. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजोबा अजून बोट दाखवून सांगतात, तिथं आपली विहीर होती. देशाच्या भौगोलिक क्षेत्रफळात ती विहीर आजही मोजलेली आहे, कारण पाण्याखालची असली तरी जागा भारताचीच. ३६८ आणि ३८२ चं मात्र मलाही कोडं आहे.

निवृत्त_भूकरमापक
बाळ, तुझा भागाकार बरोबर आहे, खालची संख्या चुकली. ३२,८७,२६३ मध्ये पाकिस्तानने बळकावलेले ७८,११४, त्यांनी चीनला देऊन टाकलेले ५,१८० आणि चीनच्या ताब्यातले ३७,५५५ चौ. किमी धरलेले आहेत. ती जमीन आपली, म्हणून क्षेत्रफळात आहे आणि असलीच पाहिजे. पण आपला प्रगणक तिथल्या दारात जाऊ शकला नाही, म्हणून तिथली माणसं २०११ च्या १,२१,०८,५४,९७७ लोकसंख्येत नाहीत. माणसं एका हद्दीतली आणि जमीन दुसऱ्या हद्दीतली घेऊन भागाकार होत नसतो. ते १,२०,८४९ वजा कर, ३१,६६,४१४ उरतात. आता भाग लावून बघ.

३१ वर्षं मोजणीत काढली, म्हणून सांगतो. मोहोळकडच्या एका गावात आकारबंदातलं (गावाच्या सगळ्या जमिनींच्या मूळ मोजणी-नोंदीतलं) क्षेत्र आणि सगळ्या सातबाऱ्यांची बेरीज यांत ११ एकरांचा फरक निघाला. लोक म्हणाले, जमीन कुणीतरी खाल्ली. तसं काही नव्हतं. सीना नदीने एका बाजूचा काठ कापला होता, पलीकडे गाळाची मळई टाकली होती, आणि काही फाळण्या, म्हणजे शेतांच्या पोटहिश्श्यांच्या मोजण्या, कच्च्याच राहिल्या होत्या. शिवाय जुनी मोजणी शंकू साखळीची, शंकूने काटकोन साधायचा आणि साखळीने अंतर मोजायचं. साखळी ३३ फुटांची, ३३ बाय ३३ चा गुंठा. कड्या घासून साखळी लांबली की शेत कमी भरतं, हे मी स्वतः नवी-जुनी साखळी शेजारी ठेवून पाहिलंय. आपल्या शेजारच्या इंदापुरात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही शेतवार मोजणी बसवली. तेव्हापासूनचे कागद अजून बोलतात, फक्त कोणत्या साली कोणत्या हद्दीची मोजणी, ते आधी वाचावं लागतं.

देशाचंही तसंच. २०१५ मध्ये बांगलादेशाशी एन्क्लेव्हची, म्हणजे एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. आपले १११, म्हणजे १७,१६० एकर तिकडे गेले. त्यांचे ५१, म्हणजे ७,११० एकर इकडे आले. सुमारे ४० चौ. किमी कमी झाले, तरी छापील एकूण आकडा ३२,८७,२६३ च राहिला. उलट किनारा बघ. ७,५१६ किमी होता, नव्या मोजणीत ११,०९८ झाला. जमीन कुठून आली नाही, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर खाड्या-वळणं धरली गेली एवढंच. लांबी अशी बारकाईने वाढते, क्षेत्रफळ तसं वाढत नाही, ही गल्लत करू नकोस.

सातरस्ता_अभ्यासिका
काका, ३८२.४ आले! २००१ चंही केलं, १,०२,८७,३७,४३६ भागिले तोच आकडा, ३२४.९. जनगणनेत ३२५ आहे. आता गोवा-सिक्कीमचं काय करू?

निवृत्त_भूकरमापक
दोन रस्ते आहेत. एक तर सगळ्या वर्षांना आजचीच हद्द धर, पण मग १९५१ ची लोकसंख्याही गोवा-सिक्कीम धरून घ्यावी लागेल. जनगणनेच्या दशवार्षिक वाढीच्या तक्त्यांत जुनी वर्षं आजच्या हद्दीला जुळवून दिलेली असतात, ती घे. नाहीतर त्या-त्या साली जेवढा देश होता तेवढाच घे, १९७१ च्या रकान्यातून सिक्कीमचे ७,०९६ वगळ. मी असतो तर पहिला रस्ता धरला असता. सरांना दाखवताना तक्त्याखाली एवढी ओळ लिही: ‘क्षेत्रफळ २०११ च्या हद्दीनुसार, प्रगणना न झालेले १,२०,८४९ चौ. किमी वगळून.’