मदत हवी आहे: देव नसलेल्या अंतराळयानात क्लेरिकचं काय करू?

आमचं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे सलग चाललेली गोष्ट, संपत आलंय. पुढच्याला जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. जग ठरलंय: पिढ्यानपिढ्या प्रवास करणारं एक अवाढव्य अंतराळयान. जादू नाही, देव नाहीत, भुतंखेतं नाहीत; आणि क्लेरिक तर देवाकडून शक्ती मागून घेणारा पुजारी. नियम मात्र पाचव्या आवृत्तीचेच, २०१४ चे. 'त्यापेक्षा ट्रॅव्हलर खेळा' असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो: १९७७ पासूनचा अंतराळातला चांगला गेम आहे, पण त्यात क्लास (पात्रांचे ठरलेले प्रकार) नसून पेशे आहेत, आणि आमच्या मंडळींची निम्मी मजा लेव्हल चढल्यावर हाती काय नवीन लागतं यातच असते.

नावं बदलायला वेळ लागत नाही. फायटर झाला सुरक्षारक्षक, विझार्ड (जादूगार) झाला हॅकर. घोळ आकड्यांत होतो. डीएमजीतलं (जीएमसाठीच्या नियमपुस्तकातलं) लेझर पिस्तूल ३डी६, म्हणजे सहा बाजूंच्या तीन फाशांइतकं, नुकसान करतं. पाचव्या लेव्हलचा फायटर तलवारीचे दोन वार करतो, म्हणजे २डी८, सरासरी ९. रोगचा (चोराच्या क्लासचा) वार एकच, पण शॉर्टसोर्डचा १डी६ आणि स्नीक अटॅकचे (अटी जुळल्या की मिळणाऱ्या जादा नुकसानाचे) ३डी६ मिळून सरासरी १४. दोघांना पिस्तूल दिलं की दोघेही ६डी६ वर, सरासरी २१. वर फायटरला डेक्स (चपळाईचा बोनस) दोनदा मिळतं आणि स्नीक अटॅकच्या अटी जुळवायची कटकट नाही. मग रोगने करायचं काय? विझार्डची तर त्याहून पंचाईत. फायर बोल्ट या कँट्रिपचे (कितीही वेळा वापरता येणाऱ्या छोट्या मंत्राचे) २डी१० म्हणजे ११, पिस्तुलाचे साडेदहा अधिक डेक्स. यानावर सगळ्यांनाच पिस्तूल चालवता येत असेल तर कँट्रिपला हात कोण लावणार? बंदुका १डी८ वर आणायचं मी जवळजवळ ठरवलंय, कोणाला त्यात खोट दिसत असेल तर सांगा. (फायरबॉल यानाच्या आत फोडला तर भिंतीचं काय होतं, हा विषय तूर्त नको.)

पण धागा काढलाय तो क्लेरिकसाठी. १९७४ च्या पहिल्या नियमांत क्लास तीनच होते आणि त्यातला एक हा, चोरसुद्धा नंतर आला. तेव्हा तो काढून टाकायची माझी तयारी नाही. 'डॉक्टर कर' असं गटात सगळे म्हणतात. काही गोष्टी बसतातही. रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेलेल्याला जिवंत करणं, मेल्यापासून एका मिनिटाच्या आत करावं लागतं आणि त्यात ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे खर्ची पडतात. हिऱ्यांच्या जागी एखादं दुर्मीळ औषध ठेवलं की झालं. भुताप्रेतांना पळवणारं टर्न अनडेड बिघडलेल्या यंत्रमानवांवर चालेल. जखम भरणारं हीलिंग वर्ड साठ फुटांवरून चालतं, तिथे सुई टोचणारा ड्रोन देता येईल. तरी क्लेरिक हा मुळात कोणाकडे तरी मागणारा माणूस आहे. ते मागणं काढून घेतलं की उरतो चिलखत घातलेला कंपाउंडर.

म्हणून यानाच्या मुख्य संगणकाला देवाच्या जागी बसवलं. यान बांधणारे कधीच विसरले गेलेत, संगणक मात्र काही माणसांना अजून ओळखतो. स्पेल स्लॉट (मंत्र किती वेळा वापरता येतील तो कोटा) म्हणजे त्याने दिलेल्या परवानग्या, मोठी विश्रांती झाली की नव्याने मिळणाऱ्या. डोमेन (देवाचं क्षेत्र) म्हणजे खाती: लाइफ हवापाण्याचं, नॉलेज दप्तराचं. विझार्ड कुलूप फोडून आत शिरतो, क्लेरिक दार ठोठावतो. वॉरलॉकने खालच्या बंद मजल्यावरच्या दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्रणेशी सौदा केलाय. इथपर्यंत मी खूश होतो.

मग क्लेरिक खेळणारीने विचारलं, "देव लांब असतो, गप्प बसला तर चालतं. पण याचा कॅमेरा तर प्रत्येक बोळात आहे. समोरचं दार हा स्वतःच का उघडत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संगणकाची अर्धी स्मृती गेली आहे असं करता येईल, पण ते फार वापरून झालंय आणि जीएमला प्रत्येक वेळी सोयीचं पडतं, हे खेळाडूंच्या लगेच लक्षात येतं. दुसरा पर्याय मला आवडतो: त्याच्या लेखी यान आधी, माणसं नंतर. एक जखम भरायची तर दुसऱ्या मजल्याची हवा तेवढा वेळ पातळ होते. पण मग प्रत्येक उपचाराची किंमत क्लेरिकने मोजायची आणि कुलपं फोडणारा विझार्ड फुकटात सुटायचा, हा कुठला न्याय?

ड्रुइडला (निसर्गाच्या पुजाऱ्याला) शेतीच्या मजल्यावर ठेवतोय, वाइल्ड शेपला (जनावराचं रूप घ्यायला) तिथलीच जनावरं. विश्रांतीसाठी डीएमजीतला तो कडक पर्याय घेतोय, छोटी आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची, लांबच्या प्रवासाला तो शोभतो.

असा संगणक-देव कोणी टेबलवर चालवला असेल तर दोनच गोष्टी सांगा. त्याने क्लेरिकला नकार कधी द्यायचा, हे खेळाडूंना आधीच ठाऊक असेल असं ठेवलं होतं का? आणि ती किंमत विझार्डकडूनही कशी वसूल केलीत?