प्रतिसाद : टर्बो की सुपरचार्जर?

वर एकांनी म्हटलंय की झाडांमधून स्लेड (बर्फावर चालणारी स्नोमोबाइल) काढायची तर थ्रॉटलला लगेच उत्तर देणारा सुपरचार्जरच हवा, टर्बो नको. दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रंच. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. कोलोरॅडोत 10,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच उरतो. तिथे 165 अश्वशक्तीचं साधं, म्हणजे यातलं काहीच न लावलेलं इंजिन 115च्या आसपास येतं, म्हणजे खरी लढाई विरळ हवेशी आहे.

सुपरचार्जर क्रँकला (इंजिनच्या फिरत्या दांड्याला) पट्ट्याने बांधलेला असतो. पुलीचं माप ठरलं की तो हवा ठरावीक पटीतच दाबणार. बाहेरची हवा विरळ झाली की बूस्टही (त्याने दिलेला जादा दाब) घटतो. शिवाय तो फिरवायला इंजिनचीच ताकद जाते. टर्बो एक्झॉस्टवर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर) चालतो. चढावर वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) बंद ठेवून तो आणखी जोरात फिरवता येतो आणि तूट भरून निघते. स्नोमोबाइल बनवणाऱ्या स्की-डूने 2020च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच टर्बो लावलेलं टू-स्ट्रोक इंजिन दिलं, ते 8,000 फुटांपर्यंत 165 अश्वशक्ती टिकवण्याच्या दाव्यासह.

लॅगचं, म्हणजे टर्बोला जोर धरायला लागणाऱ्या उशिराचं म्हणाल, तर सीव्हीटीमुळे (सलग बदलत जाणाऱ्या पट्ट्याच्या गिअरमुळे) पूर्ण थ्रॉटलला इंजिन एकाच आरपीएमवर राहतं, त्यामुळे लांब चढावर तो जाणवत नाही. झाडांत थ्रॉटल सोडून पुन्हा दाबताना मात्र जाणवतो, तेवढं मान्य. जुनी फोर-स्ट्रोक यामाहा असेल आणि एकाच उंचीवर चालवत असाल, तर सुपरचार्जर वाईट नाही. टू-स्ट्रोकवर मी तरी लावणार नाही. आणि काहीही लावा, क्लचची वजनं (सीव्हीटीचा गिअर कधी बदलायचा ते ठरवणारी) नव्याने जुळवा. बूस्टचा पैसा बहुतेकांचा तिथेच वाया जातो.